शून्य बिलाचं दुःख

मंदीची बातमी आली की बचतकाकांच्या चेहऱ्यावर तेज चढतं. २०२२-२३ च्या सुमारास बंगळुरात आज या स्टार्टअपमधून, उद्या त्या कंपनीतून माणसं कमी केल्याचं ऐकू यायचं. बेळ्ळंदूर-व्हाइटफील्डकडची पोरं ऑफिसची मेल उघडायला घाबरायची, आणि इकडे मत्तीकेऱ्यात काका सकाळी दुधाला निघताना शीळ घालायचे. कुणाचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात नव्हतं. पण इतकी वर्षं घरात नुसत्या बसून राहिलेल्या विद्येला अचानक गिऱ्हाईक आलं होतं.

'बचतकाका' हे अर्थातच पाळण्यातलं नाव नव्हे. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात कुणीतरी ते ठेवलं आणि फुकट मिळतंय म्हणून काकांनी ते घेतलं. परगावी वसलेल्या प्रत्येक मराठी वस्तीत असे एक काका असतातच. पुण्यातही असतात, पण तिथे ते गर्दीत उठून दिसत नाहीत.

काका एचएमटीच्या घड्याळ कारखान्यात होते. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने सुरू झालेला हा उद्योग सरकारने २०१६ मध्ये गुंडाळायचं ठरवलं. काका त्याच्या बरेच आधी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले, ते मनगटावर किल्लीचं 'जनता' बांधून. "सेल लागत नाही," ते सांगतात, "किल्ली द्यायला अंगठा नि तर्जनी लागते, ती घरचीच आहेत." एवढ्या मुक्कामात त्यांनी जोडलेलं कन्नड 'एष्टु?' (किती?) आणि 'जास्ती आय्तु, कम्मी माडि' या दोन वाक्यांत संपतं. पुढे बोलायची वेळ आली की ते मराठीत बोलतात, भाजीवाली कन्नडमध्ये बोलते आणि सौदा काकांच्या भावाने होतो.

इतिहासाकडेही ते याच नजरेने बघतात. मंडळाच्या गणपतीत कुणी शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीवर भरभरून बोलायला लागलं की काका मागच्या रांगेतून शेवटाची आठवण करून देतात. व्यंकोजीराजे तंजावरला गेल्यावर हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाखांना द्यायचं घाटत होतं. तेवढ्यात १६८७ साली मोगलांनी ते घेतलं आणि त्याच राजाला, त्याच तीन लाखांना देऊन टाकलं. "अख्खं गाव, तळ्यांसकट!" काका कळवळतात. "आज इंदिरानगरात दोन खोल्यांचं डिपॉझिट म्हणून तेवढेच मोजतात. आणि मोगलांनी भाव वाढवला नाही, हे बघा. परके असून." वक्त्याला पुन्हा शहाजीराजांकडे वळायला बराच वेळ लागतो.

मंदीत आयटीतली चार-पाच पोरं काकांच्या गॅलरीत येऊन बसायला लागली. शिकवणी मोफत होती. मात्र चहा ज्याचा त्याने पिऊन यायचं. काकांनी आधी प्रत्येकाकडून महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची यादी करवून घेतली. एकाकडे सिनेमे दाखवणारी पाच अ‍ॅप्स निघाली आणि जानेवारीपासून न पाहिलेली व्यायामशाळा निघाली. मग मुख्य धडा. हे गाव स्विगीचं, दहा मिनिटांत कोथिंबीर दारात आणून देणारं. काकांचा नियम उलटा होता. हवीशी वाटलेली वस्तू फ्रिजवरच्या कागदावर लिहायची आणि तीन दिवस थांबायचं. चौथ्या दिवशी कागद न बघता आठवली तरच आणायची. पोरांनी हा कागद एक्सेलमध्ये नेला, त्याला रंग दिले, आलेख काढला. काकांना आलेख आवडला नाही. छापायला शाई लागते.

बाकीचं अगदी साधं होतं. डाळ तासभर भिजवून मग कुकरला लावायची, आणि कुकरात डाळीच्या वर भात नि त्याच्या वर बटाटे, म्हणजे एका गॅसवर तीन कामं. पहिली शिट्टी झाली की आच बारीक. भाजी सहकारी हॉपकॉम्सच्या गाड्यावरून वजनाने घ्यायची, नाहीतर के. आर. मार्केटला दुपार कलल्यावर जायचं, तेव्हा विकणाऱ्याला घर दिसायला लागलेलं असतं. ज्वारीचं पीठ आणि कांदा-लसूण मसाला मात्र विकत घ्यायचाच नाही. मिरजेकडून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने येणारा पाहुणा हेरून ठेवायचा. "पाहुणा रिकाम्या हाताने आला तर?" एका पोराने विचारलं. "तसा पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही," काका म्हणाले.

बाहेर खाण्याच्या बाबतीत हे शहर काकांच्या स्वभावाला धरूनच वसवलेलं असावं. इथे दोघांनी एक कॉफी मागवली तर वेटर भुवई उंचावत नाही. 'बाय टू' असं ओरडतो आणि दोन पेले आणून ठेवतो. काकांचा अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतरचा दावा असा की बाय टूचे दोन पेले मिळून एका कॉफीपेक्षा घोटभर जास्तच भरतात, म्हणून एकट्याने कॉफी पिणं हा शुद्ध तोटा. त्यापायी ते उपाहारगृहाच्या दारात ओळखीच्या माणसाची वाट बघत उभे राहतात. मीही दोन-तीनदा सापडलोय. पण दहा रुपयांत जेवण देणाऱ्या इंदिरा कँटीनची पायरी मात्र ते चढत नाहीत. मी कारण विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "माझ्या घरी कुकर आहे."

इथल्या नंदिनी डेअरीच्या दुधाने मात्र त्यांना फार छळलं. २०२४ च्या जूनमध्ये पिशवीमागे दोन रुपये वाढले आणि त्याबदल्यात पन्नास मिलिलिटर दूध जास्त मिळायला लागलं. काकांनी मापाचा पेला काढला. ते वरचं पन्नास मिलिलिटर ते वेगळं काढून त्याचं दही लावत आणि त्याला 'सरकारी दही' म्हणत. पुढच्या एप्रिलमध्ये सरकारने जादा दूध काढून घेतलं आणि वर लिटरला चार रुपये वाढवले. काकांनी आठवडाभर ताक घेतलं नाही.

त्यांचा सुवर्णकाळ म्हणजे २०२४ चा मार्च. कूपनलिका आटल्या, टँकरचे भाव इतके भडकले की प्रशासनाला दर ठरवून द्यावे लागले. पाच किलोमीटरच्या आत बारा हजार लिटरला हजार रुपये. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजारांचा दंड. होळीला पोहण्याच्या तलावातल्या पार्ट्या आणि रेन डान्स यांना कावेरीचं पाणी वापरायचं नाही, असं पाणीपुरवठा मंडळाने बजावलं. ज्या सोसायटीने काकांच्या बादल्यांवर वर्षानुवर्षं विनोद केले होते तिने त्यांना बैठकीत खुर्ची दिली. काका उभे राहिले आणि म्हणाले, की कावेरी आपल्याकडे उतारावरून वाहत येत नाही. शंभर किलोमीटरवरून, पाचशे मीटर चढवून आणलेलं पाणी आहे हे. एवढं चढून आलेल्या पाहुण्याला तुम्ही सरळ गटारात धाडता?

मग त्यांनी युक्त्यांचं पोतं सोडलं. गच्चीवरच्या सोलर हीटरचं गरम पाणी नळाला येईपर्यंत जे गार पाणी वाहून जातं त्याखाली बादली. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या नळीतून जे खारट पाणी बाहेर पडतं त्याने फरशी. फ्लशच्या टाकीत पाणी भरून बूच लावलेली लिटरची बाटली, म्हणजे दर खेपेला लिटर वाचलं. नळाच्या तोंडाला हवा मिसळणारी जाळी, जी त्या महिन्यात हॉटेलांना नि मोठ्या संकुलांना सक्तीची झाली; काकांच्या घरी ती आधीपासून होती, शिवाय खाली फडकं बांधलेलं. वरच्या मजल्यावरचा तरुण, ज्याच्या घरी बाथरूममध्येसुद्धा गाणी वाजतात, तोही वहीत उतरवून घेत होता. महिनाभर काका मान ताठ ठेवून जिना उतरत. जूनमध्ये पाऊस झाला आणि लोक पुन्हा गाड्या धुवायला लागले. मुसळधार पाऊस बघून उदास होणारा तो एकच माणूस मी पाहिला.

पण खरा घाव त्याच्या आधीच बसला होता, तोही सरकारच्या औदार्याचा. २०२३ मध्ये कर्नाटकात गृहज्योती योजना आली: दोनशे युनिटपर्यंत वीज मोफत. काकांनी हर्षाने कालनिर्णय भिंतीवरून काढून खाली घेतलं, कारण रोजचं मीटर ते त्याच्या मागच्या बाजूला लिहितात. मग बारीक अक्षरं वाचली. सरसकट दोनशे नव्हेत. मागच्या वर्षी तुमचा जो सरासरी वापर होता, तो अधिक दहा टक्के.

काकांची सरासरी होती चौसष्ट. टीव्हीच्या डब्याचा लाल दिवा रात्रभर जळू दिला तर महिन्याला किती युनिटं जातात, हा हिशेब मांडून त्यांनी ती चौसष्टवर आणली होती. पंखा एप्रिल सोडून कधी नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर राहून पंखा लावणं त्यांना निसर्गाचा अपमान वाटतो. या तपश्चर्येचं फळ सत्तर युनिटं. वरच्या गाणीवाल्या तरुणाची सरासरी एकशेऐंशी, त्याला एकशेअठ्ठ्याण्णव.

"म्हणजे मी गीझर चालू ठेवून झोपलो असतो तर आज श्रीमंत असतो," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

पुढे शून्य रुपयांची बिलं यायला लागली आणि काका खंगत चालले. पूर्वी बिल तीनशे वीसवरून तीनशे पाचवर आलं की पंधरा रुपयांचा आनंद महिनाभर पुरायचा. आता चौसष्ट जाळा की एकोणसत्तर, समोर शून्यच. आपण जिंकलो की हरलो हेच कळेना. मग एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण दर महिन्याला सहा युनिटं सरकारला परत करतोय. फुकट मिळालेली वस्तू न वापरता टाकणं! तेव्हापासून रीडिंगच्या आदल्या रात्री त्यांच्या खिडकीत दिवा दिसायला लागला. काका इस्त्री करत असत. आधी शर्ट, मग पडदे, मग फडकी, शेवटी पायपुसणी.

काकूंबद्दल बोलायचं राहिलंच, आणि तसं ते नेहमीच राहतं. ११ जून २०२३ पासून राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही. काकांनी लगेच बाजारहाट काकूंकडे सोपवला: मी गेलो तर जाऊन-येऊन इतके, तू गेलीस तर शून्य. काकू महिनाभर निमूट गेल्या. मग भजनी मंडळातल्या पाच जणी मिळून धर्मस्थळाला जाऊन आल्या. तीनशे किलोमीटर बस फुकट, मंजुनाथाच्या दारात पोटभर जेवणही फुकट. परतल्यावर काकांनी सवयीने वही उघडली. प्रवास शून्य, भोजन शून्य. पेटीत टाकलेले अकरा रुपये सोडले तर पान कोरं होतं. उभ्या आयुष्यात त्यांना असं पान जमलं नव्हतं, आणि काकूंनी ते काही न मोजता केलं होतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी आपलं तिकीट किती पडेल ते विचारलं, ऐकलं आणि घरीच राहिले.

गेल्या महिन्यात काकू कुक्के, उडुपी अशी देवळं करत होरनाडूला पोचल्या होत्या. मी काकांकडे गेलो तर दार उघडंच होतं. काकू नसल्यामुळे वापर एक्कावन्नवर घसरला होता, रीडिंग दुसऱ्या दिवशी, आणि एकोणीस युनिटं शिल्लक. सकाळीच त्यांनी जिन्यात पाटी लावली होती: घरघंटीवर दळण दळून मिळेल. कोपऱ्यात तीन घरांचे गहू. समोर वरच्या मजल्यावरचा तरुण, मांडीवर शर्टांचा ढीग. त्याचं मीटर एकशेसत्त्याण्णववर येऊन ठेपलं होतं. दोनशे ओलांडले की अख्खं बिल बसतं, म्हणून त्याने घरी अंधार करून सगळी इस्त्री खाली आणली होती. काका त्याला कॉलर कशी दाबायची ते दाखवत होते.

तेवढ्यात फोन वाजला. होरनाडूहून काकू.

"अहो, जेवलात का?"

"जेवलो. अगं, अजून अकरा उरलीत. तू येतेस कधी?"

"आज निघणार होतो," काकू म्हणाल्या, "पण इथे उद्याही जेवण आहे म्हणतात."