सोसायटीतले कानसेन

तानसेन व्हायला रियाज लागतो. कानसेन व्हायला शेजाऱ्याने नवा ब्लूटूथ स्पीकर घेतला की पुरतं. खोका उघडायच्या आत स्वारी हजर. "लावा बघू," म्हणत खुर्ची पुढे ओढतात. चहा नंतर, कारण कपबशी मध्येच वाजते.

गाणं मात्र लावू देत नाहीत. गाण्यात मन रमतं आणि परीक्षा राहून जाते. आधी तानपुरा, तोही काळी एकचा. या पट्टीत षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, म्हणजे खर्जाची तार ६९वर. जेबीएल गो ३सारखा तळहातावर मावणारा स्पीकर कंपनीच्याच कागदावर ११० हर्ट्झपासून पुढे बोलतो. खर्जाचा मूळ स्वर त्यातून जवळजवळ येतच नाही. वरचे स्वरांश ऐकून मेंदूच तो भरून काढतो. कानसेनांचं हे म्हणणं शास्त्राला धरून आहे, हीच पंचाईत. यजमानांचा चेहरा दुकानदाराने अर्धाच तानपुरा बांधून दिल्यासारखा होतो.

"पण मला तर छान ऐकू येतोय!"

"तो तुमचा मेंदू वाजतोय. स्पीकर नाही."

मग पाणी. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. कानसेन बादली मागवतात. "भाऊजी, त्यात सर्फ घातलंय!" असं आतून येतं. ही परीक्षा साध्या पाण्याची असते, साबणाची नव्हे. तेव्हा ती तहकूब. मग दिवे घालवून काळ्या डब्यावरची काळी बटणं चाचपणं. मग तबल्याचा व्हिडिओ: थाप आधी दिसते की ऐकू येते? बिनतारी आवाजाला पोचायला किंचित उशीर होतोच. बरीच ॲप्स तेवढं चित्र थांबवून धरतात. "म्हणजे ॲप हुशार," असा निकाल. स्पीकरला गुण नाहीतच.

सोसायटीच्या सहलीत अलिबागच्या किनाऱ्यावर कानसेनांचा स्वतःचा स्पीकर अगदीच किरटा वाजू लागला. कारण त्यांना ठाऊक होतं. घरात भिंती खालच्या सुरांना बळ देतात, कोपरा तर जास्तच. उघड्यावर ते सूर विरून जातात. स्पीकर काखोटीला मारून ते भिंत शोधत निघाले आणि हॉटेलच्या मोरीमागे त्यांना नव्वद अंशांचा कोपरा सापडला. तिथे म्हणे ढोलकी काय घुमली! मंडळी इकडे वाळूत भेळ खात होती, आणि भेंड्या 'ठ'वर अडल्या होत्या.