बंधारा स्लाइड क्रमांक सातवर

शाळेत टच पॅनेल बसलं की पहिला बळी फळ्याचा जातो आणि दुसरा श्रमदानाचा. सातारा-सांगलीकडं ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती आणि पोरांची एक सकाळ. आता त्याला 'प्रोजेक्ट' म्हणतात. आधी गट, मग गटप्रमुख, मग व्हॉट्सॲप ग्रुप, मग पीपीटी. गोणी निळी दाखवायची की हिरवी, यावर मतदान होतं. ॲनिमेशनमधलं पाणी अडतं, टाळ्या पडतात. ओढ्यातलं पाणी मात्र, कुणी विचारलंच नाही म्हणून, खालच्या गावाला निघून जातं.

साताऱ्यातल्या काले गावी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांची पोरं राबत राबत शिकली. पण घामाचा स्क्रीनशॉट कुणी ठेवला नाही. आजच्या मूल्यमापनात त्यांना गुण शून्य! २०१६ ची पहिली 'वॉटर कप' जलसंधारण स्पर्धा जिंकणाऱ्या, कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावच्या लोकांनीही टिकाव-फावडी उचलली होती. टेम्प्लेट निवडत बसले असते, तर स्पर्धा पहिल्या स्लाइडवरच संपली असती.

सांगलीच्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि पोरांच्या अभ्यासासाठी दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. शाळांनीही दिवसा असा एक भोंगा बसवावा, असं सुचवून बघा. सूचना तिथल्या तिथं मंजूर होईल: विषय छान आहे, गट पाडा, सादरीकरण सोमवारी!