नादारीचे वकील

नादारीचे वकील ही मुंबईच्या वकिलीतली तशी तरुण जात. तिची जन्मतारीख १ डिसेंबर २०१६. त्या दिवशी नादारी व दिवाळखोरी संहितेतली कंपन्यांविषयीची कलमे लागू झाली. त्याआधी हे काम करणारे नव्हते असे नाही. उच्च न्यायालयात १९०९ च्या नादारी कायद्याखाली अर्ज करणारे होते, आजारी कारखान्यांची प्रकरणे घेऊन दिल्लीला 'बीआयएफआर' या पुनर्रचना मंडळाच्या खेपा घालणारे होते, कर्जवसुली न्यायाधिकरणात बँकांसाठी उभे राहणारे तर ढिगाने होते. पण बार रूममध्ये त्यांना फारसा भाव नव्हता. कारखाना आजारी पडला तरी मालकाची प्रकृती ठणठणीत राही, आणि 'बीआयएफआर'चे छत्र डोक्यावर असेपर्यंत वसुली थांबत असल्याने खंगत जाई तो धनको. नव्या संहितेने मालकाच्या हातून कंपनीच काढून घेण्याची सोय केली, आणि कालपर्यंत ज्यांना कोणी विचारत नव्हते त्यांच्या दाराशी गाड्या लागू लागल्या.

या वकिलाचे मूळ कसब दिवस मोजण्याचे. मागणीची नोटीस गेली की दहा दिवस. अर्ज आल्यावर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने निर्णय द्यायचा तो चौदा दिवसांत; हे चौदा दिवस बंधन नसून नुसती दिशा आहे, असे २०१७ मध्येच ठरून गेले, त्यामुळे त्यांना कोणी घाबरत नाही. अर्ज दाखल करून घेतला की प्रक्रिया पुरी करायला १८० दिवस, वाढवून २७०, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कोर्टकज्ज्यांसकट ३३०. ही मर्यादा 'अनिवार्यपणे' पाळावी असे कायद्यात लिहिले होते. त्याच वर्षी एस्सार स्टीलच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेवढा शब्द खोडला. एस्सारचे स्वतःचे प्रकरण तोवर दोन वर्षांहून अधिक चालले होते. बँक या वकिलाला पैसे देते ते दिवस वाचवण्यासाठी, आणि मालक देतो ते दिवस काढण्यासाठी. कफ परेडच्या न्यायाधिकरणात सकाळच्या बोर्डावर 'विलंबाने मालमत्तेची माती होते' असे कळवळून सांगणारा गृहस्थ दुपारी शेजारच्या कोर्टात 'एवढी घाई कशासाठी?' असे तितक्याच कळवळ्याने विचारताना दिसतो. यात त्याला विसंगती वाटत नाही. ब्रीफ वेगळी असते.

माल पुरवणाऱ्याने पैशासाठी अर्ज केला तर कंपनीच्या वकिलाला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे जुने भांडण. नोटिशीच्या आधीपासून खराखुरा वाद असेल तर अर्ज फेटाळला जातो. २०१७ च्या मोबिलॉक्स प्रकरणाने हे पक्के केले. त्यामुळे पहिल्या भेटीत असे संवाद होतात:

"त्यांच्याशी काही तंटा होता का?"

"छे छे! वीस वर्षांचे घरचे संबंध आहेत, वकीलसाहेब."

"एखादा ईमेल? माल खराब निघाला, वजन कमी भरलं, असं काही?"

"त्यांचा माल म्हणजे एक नंबर."

वकीलसाहेबांचा चेहरा उतरतो. मग ज्युनिअरला जुन्या मेलबॉक्समध्ये बसवले जाते. तिसऱ्या दिवशी 'या खेपेला दोन पिंपांची झाकणे ढिली होती' अशी एक ओळ सापडते आणि ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहतात.

नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या कलम २९ए ने तर या वकिलाला नातेसंबंधांचा तज्ज्ञ बनवले. बुडवणाऱ्याने मागच्या दाराने आपलीच कंपनी स्वस्तात परत घेऊ नये म्हणून हे कलम. त्याच्या आधाराला नातेवाइकांची जी व्याख्या आहे तिच्यात काका, आत्या, मामा, मावशी, पुतण्या, भाचा आहेतच, शिवाय बायकोचेही नातेवाईक आहेत. म्हणजे मेव्हणा आला आणि साडूसुद्धा सुटला नाही. लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांची यादी एवढ्या काळजीने कोणी केली नसेल. २०१९ च्या स्विस रिबन्स निकालाने सांगितले की नुसते नाते पुरेसे नाही, बोली लावणाऱ्याच्या धंद्याशी संबंध हवा. तेव्हापासून साडूचा आणि आपला केवळ जेवणाखाण्यापुरता संबंध आहे अशा आशयाची प्रतिज्ञापत्रे तयार होऊ लागली.

कंपनी कोणाच्या हाती आणि किती पैशांत जायची हे ठरवणाऱ्या योजनेला धनकोंच्या समितीत ६६ टक्के मते लागतात, आणि ती मते बँकांची व वित्तसंस्थांची. माल पुरवणाऱ्याला सहसा मत नसते, त्यामुळे त्याच्या वकिलाला पाण्याबाहेर उभे राहून पोहणाऱ्यांना सूचना देण्यापलीकडे काम उरत नाही. व्हिडिओकॉन समूहाच्या तेरा कंपन्यांवर सुमारे ६५ हजार कोटींचे दावे मान्य झाले होते. जून २०२१ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाने तीन हजार कोटींच्याही आतली योजना मंजूर केली. पुरवठादारांचे ९९ टक्क्यांहून अधिक बुडाले. हे केस कापणे आहे की सरसकट मुंडण, अशा अर्थाचा शेरा न्यायाधिकरणाने निकालपत्रात कंसात मारून ठेवला. पुढे अपिलात ही योजना समितीकडे परत गेली, म्हणजे पुन्हा तारखा. समोरासमोर बसलेल्या दोन्ही वकिलांनी एकाच वेळी डायरी उघडली असणार.

फीच्या बाबतीत मात्र या जमातीत दोन वर्ग पडतात. कंपनी ताब्यात घेणाऱ्या 'आरपी'ने, म्हणजे रिझोल्यूशन प्रोफेशनलने, नेमलेल्या वकिलाची फी समितीने मंजूर केली की ती प्रक्रियेच्या खर्चात धरतात, आणि हा खर्च सर्वांच्या आधी, तारण असलेल्या बँकांच्याही आधी चुकता करायचा असतो. उलट, अर्ज दाखल करून घेतला जाण्यापूर्वी मालकाच्या बाजूने लढलेल्या वकिलाची बाकी राहिली तर तो इतर सेवा पुरवणाऱ्यांसारखाच एक धनको. म्हणून जाणते वकील मालकाची बाजू घेताना फी आगाऊ घेतात. भिडेखातर उधारीवर उभा राहिलेला एखादा सिनिअर पुढे स्वतःच दाव्याचा फॉर्म बी भरतो, थकलेली बिले जोडतो, ती खरी असल्याची ग्वाही देतो, आणि दाव्यांची यादी लागली की आपले नाव बॉयलरला कोळसा पुरवणारा आणि कँटीनवाला यांच्या मधोमध शोधून काढतो.