वीस टक्के झिंग

शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, की मोटार वाहन कायद्याचं कलम 185 तुम्हाला कोर्टाची पायरी चढायला लावतं. तुमच्या स्कूटरच्या टाकीत मात्र तेच अल्कोहोल शेकडा वीस असतं आणि त्याला राष्ट्रकार्य म्हणतात. नाकाबंदीत हवालदाराने नळी चुकून सायलेन्सरला लावू नये, एवढीच प्रार्थना.

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट मुळात 2030चं होतं. ते 2025मध्येच गाठलं. उड्डाणपुलाचे खांब बघत बघत मुलं शाळेतून कॉलेजात जातात, त्या देशात ही घाई कौतुकाचीच. परदेशी तेलाचं बिल घटतं, उसवाल्याला चार पैसे मिळतात, हे खोटं नाही. फक्त फायदा कोटींत जाहीर होतो आणि तोटा प्रत्येकाच्या टाकीत थोडा थोडा वाटला जातो. पावतीवर तो दिसत नाही.

नीती आयोगाच्या 2021च्या अहवालात मात्र तो छापलेला आहे. जुन्या बनावटीच्या चारचाकीचं ॲव्हरेज 6-7 टक्क्यांनी आणि दुचाकीचं 3-4 टक्क्यांनी घटेल. तेव्हा हे पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त विकावं, असंही तिथे लिहिलं आहे. ‘मिसळा’ हे सगळ्यांनी वाचलं. ‘स्वस्त विका’ या ओळीवर बहुधा कुणीतरी चहाचा कप ठेवला होता.

तोच अहवाल सांगतो, की उसापासून एक लिटर इथेनॉल करायचं तर सुमारे 2,860 लिटर पाणी लागतं. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तिच्या पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. त्यातून 175 लिटर इथेनॉल निघालं असतं. पाच लिटरच्या टाकीत एक लिटर या हिशेबाने 175 स्कूटरींची एक वेळची सोय झाली असती. लातूरकरांनी ते पाणी पिऊन टाकलं. हवामानबदलाचं गांभीर्य लोकांना नसतं, ते असं.

साखर कारखान्यांचीही करमणूक झाली. सरकारने व्याजात सवलत देऊन डिस्टिलऱ्या उभारायला लावल्या. मग 7 डिसेंबर 2023 रोजी, ऐन गळीत हंगामात, हुकूम आला: उसाच्या रसाचं इथेनॉल बंद, साखर करा. आठवड्याभरात तो जरा सैल झाला. पुढच्या ऑगस्टमध्ये निर्बंध उठले: करा इथेनॉल! आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा राहतो. धोरणाला एवढा दम नसतो.

राहता राहिला गिऱ्हाईक. त्याची गाडी जुनी असली तरी पंपावर बिनमिसळीचं साधं पेट्रोल मागायची सोय नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात गाडी अडून बसली तर फिटर टाकी साफ करून देतो आणि पैसे घेतो. निदान त्या धंद्याला तरी धोरणाचा निखळ लाभ आहे.

आम्हीही मिश्रणाचं तत्त्व मनापासून स्वीकारलं आहे. परवा शंभरचं पेट्रोल घेतलं आणि पंपावरच्या पोराच्या हातात ऐंशी रुपये रोख व वीस रुपयांचं पर्यावरणप्रेम ठेवलं. पोरगा म्हणाला, “काका, वीस रुपये कमी आहेत.”

हिशेब त्याला लगेच कळला. त्याला दिल्लीला पाठवायला हवं.