कमरेला पावणेदोन किलो

१९७६ साली अमेरिकेत मिझुरीतल्या कोलंबियात जेफ कूपर आणि मंडळींनी व्यवहारोपयोगी पिस्तूल नेमबाजीची संघटना काढली. कमरेला जे असेल ते काढा, धावा, झाडा. गुण भागिले सेकंद, झाला हिशेब. मग गट पडले. ‘स्टँडर्ड’वाल्यांचं पिस्तूल मॅगझिनसकट २२५ बाय १५० बाय ४५ मिलिमीटरच्या डब्यात बसलंच पाहिजे, पंच डबा घेऊन उभे, जणू पोळ्या मावतात का बघताहेत. अमेरिकनांचा ‘कॅरी ऑप्टिक्स’ तर भन्नाट. नाव रोज बाळगायच्या पिस्तुलाचं, वजनाची मुभा ५९ औंस, म्हणजे जवळपास पावणेदोन किलो! एवढं लोढणं लटकवून बाजारात गेलं, तर चोराआधी स्वतःच्या पँटलाच हात घालावा लागेल.