उतरताना वेग वाढवावा

गोव्याला जाणाऱ्या मराठी माणसांचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिले मंगेशीला जातो असं सांगून मासे खाऊन येतात, दुसरे ऑफिसच्या कामाला जातो असं सांगून तेच करतात. तिसऱ्या प्रकारात आम्ही मोडतो, म्हणजे कमांडरकाकांबरोबर जाणारे. काका नौदलातले निवृत्त वैमानिक, पुण्यात आमच्याच इमारतीत राहतात. गोव्यात समुद्र कुठे आहे असं त्यांना विचारलं, तर 'धावपट्टी संपली की' असं उत्तर मिळतं.

तर भर दुपारी, सगळी शहाणी माणसं किनाऱ्यावर आडवी झालेली असताना, काका, काकू आणि मी बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाच्या विमान संग्रहालयात उभे होतो. शेजारी दाबोळीचा विमानतळ. ती धावपट्टी खरं तर नौदलाची, 'आयएनएस हंसा' या तळाची. हंसा १९६१ साली कोइंबतूरजवळ सुलूरला सुरू झाला आणि गोवा मुक्त झाल्यावर १९६४ मध्ये इथे आला. पुढे कित्येक वर्षं सकाळची वेळ नौदलाच्या सरावाची आणि उरलेली प्रवाशांची, असा हिशेब होता. "तुमच्या विमानांना ताटकळत ठेवणाऱ्यांत मीही होतो," काकांनी सांगितलं. त्या आवाजात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता.

संग्रहालय १९९८ चं. आवारात जुनी विमानं खाऱ्या वाऱ्यात ओळीनं उभी आहेत. सर्वांत ऐसपैस ते सुपर कॉन्स्टेलेशन. आधी एअर इंडियाचे प्रवासी, मग हवाई दल, मग नौदल, अशी नोकरी करून ते इथे पेन्शनीत निघालंय. काकूंनी त्याचे पंख न्याहाळले आणि त्यातल्या एकाच्या सावलीत बैठक मारली. "मला विमानाचा एवढा उपयोग पुरे. तुम्ही बघून या."

काका थेट सी हॉकपाशी गेले. हे त्यांचं विमान. लहानसं ब्रिटिश जेट. जागा वाचवायला पंख वर दुमडणारं आणि बसायला एकच जागा असलेलं.

"एकच?" मी विचारलं. "मग शिकवणारा कुठे बसायचा?"

"जमिनीवर."

मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीसुद्धा एक ब्रेक असतो आणि शिकणाऱ्याची सगळी हिंमत त्या ब्रेकवर उभी असते. इथे पहिल्यांदा विमानवाहू जहाजावर उतरतानाही पोरगा एकटाच. आधी जमिनीवरच्या धावपट्टीवर डेकचा आराखडा रंगवून द्यायचे. त्यावर उतरायचं, लगेच उडायचं, फिरून पुन्हा उतरायचं, कंटाळा येईपर्यंत आणि आल्यावरही. "मग एक दिवस म्हणतात, जा विक्रांतवर. वर गेल्यावर बघतो तर अख्खं जहाज काडेपेटीएवढं. आणि ते पळत असतं!"

पळतं, तेही तिरकं. उतरण्याची पट्टी जहाजाच्या नाकाच्या रेषेत नसते, ती डावीकडे कललेली असते. त्यामुळे जहाज पुढे सरकलं की वैमानिकाला पट्टी सतत उजवीकडे निसटताना दिसते. काकांनी मला वाकायला लावून शेपटीखालचा हूक दाखवला. मनगटाएवढी दांडी, टोकाला वळलेली बोटं, त्यांवर रंगाचे पोपडे. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एक या बोटांत अडकली पाहिजे.

"आणि चाकं टेकली रे टेकली की काय करायचं?"

"ब्रेक," मी म्हणालो. सात पिढ्यांचं शहाणपण होतं त्यात.

"पूर्ण थ्रॉटल! तार चुकली तर पुढे डेक संपतो. तेव्हा विचार करायला वेळ नसतो, उडायलाच लागतं. म्हणून अडकला असाल तरी जोर लावायचा, न अडकल्यासारखा."

'सावकाश जा', 'पोचल्यावर फोन कर' या संस्कारांत वाढलेल्या माणसाला हे पचणं कठीण.

"बरं, डेककडे बघायचं नाही," काका पुढे म्हणाले. बघायचं ते डेकच्या कडेच्या आरशातल्या नारिंगी उजेडाच्या गोळ्याकडे. दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची रांग असते. गोळा रांगेच्या वर गेला तर तुम्ही उंच, खाली गेला तर घात. ही युक्ती १९५१ च्या सुमारास ब्रिटिश नौदलातल्या निकोलस गुडहार्ट यांना सुचली. सांगतात की, त्यांनी सेक्रेटरीचा छोटा आरसा टेबलावर ठेवला, त्यावर लिपस्टिकची खूण केली आणि तिला नजर न हलवता चालत यायला सांगितलं. तिची हनुवटी अलगद टेबलावर टेकली. लिपस्टिकनं याहून महत्त्वाचं काम केल्याची नोंद माझ्या पाहण्यात नाही.

त्याही आधी, १८ जानेवारी १९११ रोजी, युजीन इली हा अमेरिकन सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात 'पेनसिल्व्हेनिया' या युद्धनौकेवर उतरला. जहाजावर पहिल्यांदा उतरणारा तोच. लाकडी फळ्यांचा मंच, त्यावर आडवे दोर आणि दोरांच्या टोकांना वाळूच्या पिशव्या. पाण्याची धास्ती म्हणून पठ्ठ्यानं अंगाला सायकलच्या ट्यूब गुंडाळल्या होत्या. उतरला, कॅप्टनबरोबर जेवला आणि उडून परत गेला.

"जेवला ना? मग झालं," सावलीतून काकू म्हणाल्या.

आपल्याकडे विक्रांतच्या डेकवर पहिलं जेट १८ मे १९६१ रोजी उतरवलं लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी. पुढे ते नौदलप्रमुख झाले. आता सरावाची सोय वाढली आहे, पण काम सोपं झालेलं नाही. हंसा तळावर जहाजाच्या डेकसारखा चढ आणि तारा जमिनीवरच उभारल्या आहेत. तिथे १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेजसचं नौदलासाठीचं विमान पहिल्यांदा तारेला अडकून थांबलं. ११ जानेवारी २०२० रोजी तेच काम भर समुद्रात, विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर, कमोडोर जयदीप मावळंकर यांनी केलं. ताशी २४० किलोमीटरच्या आसपासचा वेग दोन-तीन सेकंदांत शून्य.

"कुठले मावळंकर?" काकूंनी विचारलं. वेगाचा आकडा त्यांना महत्त्वाचा वाटला नाही.

"पण उतरल्यावर टाळ्या तरी पडत असतील?" मी म्हणालो.

काका हसले. "टाळ्या? डेकच्या कडेला एक जाणता वैमानिक वही घेऊन उभा असतो. सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. उंच आलास. डावीकडे सरकलास. शेवटी घाई केलीस. जिवंत उतरलो, हे त्यात कुठेच नसतं. सगळं वाचून झाल्यावर 'चल, चहा घे' म्हणाला, की समजायचं पास."

ऊन कलायला लागलं तशी आम्ही फाटकाकडे निघालो. काकूंनी पदर सावरला आणि सुरुवात केली. "टोपी हॉटेलात विसरलात. पाण्याची बाटली रिक्षात. त्या मुलाला उन्हात तासभर उभं केलंत. इलीची गोष्ट दोनदा सांगितलीत, दुसऱ्यांदा वाळूच्या पिशव्या वाढल्या. आणि गुडघा दुखतोय तरी त्या हुकाखाली वाकलात."

काका ताठ उभे राहून ऐकत होते.

"चला आता, चहा घेऊ कुठेतरी," काकू म्हणाल्या.

काकांनी माझा दंड दाबला. "पास!"