ड्रोनचा थवा येतोय, वाट सोडा!

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ऑगस्ट 2023 मध्ये सांगून टाकलं: येत्या 18 ते 24 महिन्यांत स्वतःच्या अकलेने लढणारी, आणि गेली तरी हळहळ वाटू नये इतकी स्वस्त यंत्रं हजारोंनी मैदानात उतरतील. योजनेचं नाव ‘रेप्लिकेटर’. चीनने धसका घ्यावा, हा हेतू. मुदत सरली तेव्हा मजल शेकड्यांपर्यंतच गेल्याच्या बातम्या आल्या. सरकारी योजना आणि मुदत यांचं तिकडेही पटत नाही, हे वाचून जरा बरं वाटलं.

पण आकडे सोडा, अक्कल बघा. 2025 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ विनाचालक बोटींची चाचणी चालू होती. एक बोट मध्येच बंद पडली, सॉफ्टवेअर रुसलं. साहेब लोक त्याची समजूत काढतायत तोवर दुसरी विनाचालक बोट आली, हिच्या कुशीत धडकली आणि डेकवरून उडून पलीकडे पाण्यात पडली. शत्रूची एकही गोळी खर्ची पडली नाही. तो अजून आलाच नव्हता!

आपल्याकडे जानेवारी 2022 मध्ये दिल्लीच्या विजय चौकावर हजार ड्रोन उडाले. छान उडाले, टाळ्याही पडल्या. पण तिथे ज्याची त्याची जागा आधीच ठरलेली, आणि जीपीएसचा गळा आवळायला समोर कुणी बसलेलं नव्हतं.

युक्रेनमध्ये असा माणूस झाडाझाडामागे बसलेला असतो. त्याने जॅमर चालू केला की ड्रोनना ना एकमेकांचा आवाज, ना स्वतःचा ठावठिकाणा. थव्याचे सुटे सुटे अनाथ होतात. यावर दोन्ही सैन्यांनी शोधलेला तोडगा म्हणजे ड्रोनच्या शेपटीला केसासारखी, संदेश नेणारी काचेची तार, दहा-वीस किलोमीटर लांबीची. स्वायत्त यंत्राच्या गळ्यात शेवटी दावं आलंच. आता असे पन्नास एकदम उडवा आणि गुंता सोडवत बसा.

आणि बचाव? खेरसनच्या रस्त्यांवर मासेमारीची जाळी ताणली आहेत. फ्रान्सच्या ब्रिटनीतल्या कोळ्यांनी आपली जुनी जाळी ट्रक भरभरून युक्रेनला पाठवली. त्यांना ना निविदा लागली, ना सादरीकरण.

तेव्हा थवे विकत घ्यायला निघालेल्या तमाम सरकारांना नम्र विनंती: चाचणीच्या दिवशी मंडपात पाहुणे कमी बोलवा, पण समोर एक जॅमरवाला आणि एक जाळंवाला जरूर बसवा. दोघांचं मानधन पाडलेल्या ड्रोनमागे ठरवा. मग सही करा.